परवच्याची वेळ



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्या गुरुजींचा सहवास मला थोडाफार लाभला. त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि शिस्तीविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितले आहे. मी एकच आठवण सांगतो. संध्याकाळी सातच्या सुमारास गुरुजी आनंद नगरच्या गल्ल्यांतून फेरी मारीत. हातात काठी, खांद्यावर उपरणे. ज्या घरातून मुलाच्या वाचनाचा आवाज येई, त्या घरापुढून ते न थांबता जात. जेथे शांतता असे, तेथे क्षणभर थांबून खाकरत. बस्स, एवढेच. आत तत्काळ पुस्तक उघडले जाई. आत बसलेले वडीलही हातातला पत्त्यांचा डाव खाली ठेवीत, असे त्यांचे एक जुने विद्यार्थी मला हसत हसत सांगत होते.

संयोजकांनी मला संतसाहित्यावर बोलावे असे सुचविले होते. चाळीस वर्षे तोच माझा अध्यापनाचा विषय, तेव्हा त्यांची अपेक्षा योग्यच होती. परंतु मीच विनंती करून विषय बदलून घेतला. आज मी मुले आणि मोबाईल यांविषयी बोलणार आहे. मी मानसशास्त्रज्ञ नाही आणि वैद्यही नाही. एक आजोबा म्हणून, ज्याच्या हातून चूक झाली असा एक माणूस म्हणून मी आपल्यापुढे उभा आहे.

चूक अशी. माझा नातू तीन वर्षांचा असताना जेवायला फार त्रास देई. एके दिवशी मी त्याच्यापुढे मोबाईलवर चित्रफीत लावली आणि आश्चर्य म्हणजे वाटीभर वरणभात दहा मिनिटांत संपला. घरात माझे केवढे कौतुक झाले! पुढे तो रोजचाच परिपाठ झाला. मूल काय खाते आहे याकडे त्याचे लक्ष नव्हते आणि कोण भरवते आहे याकडेही नव्हते. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो दुसरीत होता. वर्ग मोबाईलवर भरू लागला आणि माझा मोबाईल रीतसर त्याचा झाला. शाळा उघडल्या, पण मोबाईल परत आला नाही. एका रात्री अडीच वाजता पाणी प्यायला उठलो, तर त्याच्या पांघरुणाखाली निळसर उजेड दिसला. मी रागाने तो हिसकावून घेतला. त्यावर चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी रात्री जेवताना मी, सवयीप्रमाणे, डाव्या हाताने आमच्या साहित्यप्रेमी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरचे संदेश पाहत होतो. तो ताटावरून न उठता शांतपणे म्हणाला, "आजोबा, तुम्हीपण तर बघून राहिले."

वाक्य व्याकरणदृष्ट्या अशुद्ध होते. अर्थदृष्ट्या त्यात दुरुस्तीला जागा नव्हती.

श्रोतेहो, त्या रात्री मला माझे लहानपण आठवले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ त्याची राजधानी झाली आणि जुन्या राजधानीतून, म्हणजे नागपुराहून, सरकारी कचेऱ्या इकडे हलल्या. त्या कचेऱ्यांबरोबर जी मराठी कुटुंबे आली त्यांतले आमचे एक. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार येथे मराठी माणूस संस्थानांच्या आश्रयाने पूर्वीच स्थिरावला होता. भोपाळात मात्र तो बराचसा बदलीच्या हुकमावर आणि पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यातील नोकरीवर आला. वाडे नव्हते, मठ-मंदिरे नव्हती, शेजारी मराठी असेलच याचा भरवसा नव्हता. सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत दिवेलागणीला होणारा परवचा.

परवचा हा शब्द आज किती मुलांना ठाऊक असेल, सांगता येत नाही. सांज झाली की हातपाय धुऊन देवापुढे बसायचे, शुभंकरोती म्हणायची, मग पाढे, पावकी, निमकी, तिथी, नक्षत्रे, महिने यांची घोकंपट्टी करायची, याला परवचा म्हणत. मी त्याचे उदात्तीकरण करू इच्छीत नाही. त्यात कंटाळा होता, पेंग होती आणि चुकल्यास पाठीत धपाटाही होता. माझ्या थोरल्या बहिणीचे पाढे बहुतेक वेळा चुलीजवळूनच होत, कारण तिला पोळ्या लाटायच्या असत. तेव्हा जुने ते सारे सोने, असे म्हणण्यासाठी मी उभा नाही. पण त्या विधीत एक गोष्ट अशी होती की जिचे मोल मला पंचाहत्तरी गाठल्यावर कळले. ती वेळ साऱ्या घराची होती. वडील कचेरीतून येऊन तेथेच बसत, आजी वाती वळीत बसे, आई स्वयंपाकघरातून चुका सांगे. मुलाला परवच्याला बसवून मोठी माणसे दुसरीकडे निघून गेली, असे होत नसे.

आता कोणी म्हणेल की, ही म्हाताऱ्यांची नेहमीची रडकथा आहे. आक्षेप खरा आहे. मराठीत कादंबरी नवी होती तेव्हा तिच्या नादाने तरुण पिढी बिघडते अशी तक्रार झाली. मग नाटकांवर, सिनेमावर, रेडिओवरच्या गाण्यांवर तीच टीका झाली. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण मालिका सुरू झाली तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, आणि त्याचीही चिंता करणारे होते. प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीच्या करमणुकीला नावे ठेवली आणि पुढची पिढी बहुधा नीट निपजली. मग या वेळी निराळे ते काय?

मला जाणवलेला फरक असा. कादंबरीला शेवटचे पान असते. नाटकाचा पडदा पडतो. रामायणाचा त्या दिवसाचा भाग संपला की आठवडाभर थांबावे लागे. मोबाईलवरच्या चित्रफितींना शेवटचे पान नाही. एक संपण्याच्या आत दुसरी सुरू होते, तिसरी वाट पाहत असते. बोट वर सरकवावे आणि खालून नवे काही यावे, हा प्रवाह मुद्दाम असा रचलेला आहे. कारण आपण जितका वेळ तेथे राहू तितक्या जाहिराती आपल्याला दिसतात. आपले लक्ष हाच तेथला विकाऊ माल आहे.

याचे मर्म गेल्या शतकात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखविले होते. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळत असेल तर प्राणी भूक भागल्यावर थांबतो, आणि दाणा यायचा बंद झाला की लवकरच कळ सोडतो. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असे असले की तो कळ दाबतच राहतो. मोबाईलवरच्या दहा चित्रफितींतल्या आठ रटाळ असतात, नववी गमतीची निघते, आणि त्या नवव्या चित्रफितीच्या आशेवर मूल तासभर बसते. मूल कशाला, आपण बसतो! तेव्हा "इतके सांगून कळत कसे नाही" असे मुलाला रागावण्यापूर्वी, त्याच्यासमोर किती हुशार माणसांचे कसब उभे आहे, हे ध्यानात घ्यावे.

आणि हे यंत्र मुलांच्या हाती दिले कोणी? २०१६ साली जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट स्वस्त झाले. २०२० साली महामारीने शाळाच मोबाईलमध्ये नेऊन ठेवली. ग्रामीण भागातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' या अहवालानुसार, शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ साली सुमारे ३६ टक्के होते, ते २०२० साली सुमारे ६२ टक्के झाले. त्या काळी कित्येक घरांनी शेळी विकून, कर्ज काढून मुलांसाठी मोबाईल घेतले. तो त्याग होता, त्याची थट्टा मी करणार नाही. पण त्याच 'असर'चा २०२४ सालचा अहवाल सांगतो की, १४ ते १६ वयोगटातील, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात स्मार्टफोनवर काही अभ्यासाचे केले होते, तर समाजमाध्यमे पाहिलेल्यांचे प्रमाण ७६ टक्के होते. वही म्हणून दिलेल्या वस्तूचा बाजार कसा झाला, हे या दोन आकड्यांत दिसते.

या अंधारात मला एका खेड्याने वाट दाखविली. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे तीन हजारांची. लोक मुख्यतः शेतकरी, काही साखर कारखान्यात कामाला. शाळा पुन्हा उघडल्यावर तेथील शिक्षकांच्या लक्षात आले की, मुलांचे अभ्यासात चित्त नाही, घरी गेली की ती मोबाईल घेऊन बसतात. २०२२ साली स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर गावाने एकत्र बसून निर्णय घेतला. सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला. रोज संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो. त्या क्षणी गावातले दूरदर्शन संच बंद, मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, घरच्यांनी वाचायचे, एकमेकांशी बोलायचे. आरंभी अर्थातच लोक हसले. मग अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, समजूत घालीत राहिले, आणि हळूहळू घडी बसली. देशविदेशातल्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली.

मी या बातमीवर फार विचार केला. त्या भोंग्यात असे काय आहे, जे माझ्या रागावण्यात नव्हते? मला तीन गोष्टी दिसल्या. पहिली, भोंगा सर्वांसाठी वाजतो. मुलाचा मोबाईल बंद आणि बापाचा चालू, असा पंक्तिप्रपंच तेथे नाही. दुसरी, तो वेळेला सुरू होतो आणि वेळेला संपतो. मुलाला ठाऊक असते की साडेआठला सुटका आहे, आणि अंत असलेली शिक्षा ही शिक्षा राहत नाही, ती शिस्त होते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, शेजारच्या घरातही त्याच वेळी तेच चाललेले असते. "बाकीची सगळी मुले बघतात, मीच का नाही?" हा मुलांचा सर्वांत प्रभावी युक्तिवाद तेथे लुळा पडतो. सात वाजताची ती वेळ कोणती, हे ओळखले ना आपण? ती परवच्याची वेळ आहे. आणि तो भोंगा म्हणजे गुरुजींचे खाकरणे.

निराळा मार्गही आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्सी या गावच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचाच ठराव केला. फ्रान्सने २०१८ साली लहान वर्गांच्या शाळांत मोबाईलला मज्जाव करणारा कायदा केला. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. कायद्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकणे मला योग्यच वाटते. पण कायदा खाते बंद करील, रिकामी झालेली संध्याकाळ भरून देणार नाही. ती घरालाच भरावी लागेल.

येथे मी माझ्या विषयाच्या गाभ्याशी येतो. महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलाची संध्याकाळ मोबाईलने खाल्ली, तरी त्याला मराठी रस्त्यावर भेटते, दुकानाच्या पाटीवर भेटते, बसच्या वाहकाच्या तोंडी भेटते. भोपाळच्या मुलाला ती कोठे भेटणार? त्याची शाळा हिंदी किंवा इंग्रजी, मित्र हिंदी, बाजार हिंदी. ती भाषा आपली आहे, गोड आहे, तिच्याविषयी मला आदरच आहे. पण मराठी त्याच्यापर्यंत एकाच वाटेने पोहोचते: संध्याकाळी, घरच्या माणसांच्या तोंडून. ती वाट बुजली की त्याला मराठी आडनाव उरेल, भाषा उरणार नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तेव्हा तिच्या प्रकरणांना 'रात्र' असे नाव दिले. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आठवणी सांगतो आणि ते ऐकतात, अशी त्या पुस्तकाची सारी मांडणी आहे. कोणी सांगणारा आणि कोणी ऐकणारा असल्याखेरीज ते पुस्तकच संभवत नाही. आपल्या घरांत आज सांगणारे आहेत. ऐकणारेही आहेत. दोघांच्या माना खाली आहेत, एवढेच.

मग करावे काय? माझ्या अनुभवातले चार शब्द सांगतो.

त्या रात्रीनंतर आम्ही घरात एक बांबूची परडी ठेवली. साडेसातला सर्वांचे मोबाईल त्या परडीत जातात, नऊला बाहेर येतात. पहिला मोबाईल माझा पडला. खरे सांगतो, पहिले आठ दिवस सर्वांत अधिक तळमळ मलाच झाली. नातू कंटाळला, चिडला, भिंतीवर चेंडू आपटत बसला. त्या कंटाळ्याला आम्ही भ्यालो नाही. मूल कंटाळले की लगेच काहीतरी हाती द्यावे, ही आपली घाईच मोबाईलला घरात आणते. नवव्या की दहाव्या दिवशी तो आजीजवळ लसूण सोलायला बसला आणि तिला विचारू लागला, तुमच्या लहानपणी लाइट गेल्यावर काय करायचे?

दुसरे, रात्री मोबाईल झोपायच्या खोलीत नेऊ नये. त्याचा चार्जर दिवाणखान्यात असावा. हा नियम आजोबांपासून सर्वांना लागू. तिसरे, अगदी लहान मुलांविषयी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, अपवाद केवळ दूरच्या नातलगांशी अधूनमधून होणाऱ्या दृश्य-संभाषणाचा. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाहून अधिक नाही, तेही मोठ्यांच्या सोबतीने. वरणभाताची वाटी आणि मोबाईल यांची गाठ घालू नका, हे मी माझ्या पश्चात्तापातून सांगतो. चौथे, एकदम हिसकावू नका. आधी बोला, वेळ ठरवा, आणि ठरलेली वेळ पाळा. ज्या वेळी मूल मोबाईलवर काही चांगले करीत असेल, चित्र काढायला शिकत असेल, पुण्याच्या मावशीशी बोलत असेल, त्या वेळी त्याला चोरासारखे वागवू नका.

या शाळेकडेही माझे एक मागणे आहे. माझ्या नातवाच्या शाळेत गृहपाठ रात्री नऊ वाजता पालकांच्या गटावर येई. मुलाला मोबाईल न द्यावा तर गृहपाठ राहतो, द्यावा तर गृहपाठ पाच मिनिटे आणि पुढचा तास भलतीकडे. गृहपाठ फळ्यावर लिहावा, मुलांनी तो वहीत उतरवून घ्यावा. संध्याकाळी सहानंतर शाळेने कोणत्याही घरी मोबाईलवर काही पाठवू नये, असा ठराव या संस्थेने केला, तर आजच्या व्याख्यानाचे मानधन मला मिळाले असे मी समजेन.

काही मुलांचे प्रकरण मात्र घरगुती उपायांच्या पलीकडे गेलेले असते. झोप उडाली आहे, जेवण सुटले आहे, शाळेला जाणे नको वाटते, मोबाईल दूर केला की मूल हिंसक होते, अशी चिन्हे महिनोन्महिने दिसली, तर त्याला हट्टी म्हणून मोकळे होऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने खेळांच्या अशा व्यसनाला २०१९ साली आजारांच्या यादीत घेतले आहे. बंगळूरच्या निमहान्स संस्थेत अशा रुग्णांसाठी २०१४ पासून स्वतंत्र विभाग चालतो. सरकारच्या 'टेली मानस' सेवेत १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही.

आता शेवट. आमच्या परडीची गोष्ट ऐकून, नातू अगदी सुधारला, असा आपला समज होऊ नये. नऊ वाजले की तो आजही धावत जाऊन मोबाईल उचलतो. कधी परीक्षा, कधी पाहुणे, कधी माझाच एखादा तातडीचा फोन, अशा कारणांनी आठवड्यातून एखादा दिवस नियम मोडतो. पण दीड तास आमच्या घरात आवाज असतो. परवा त्याने मला विचारले, "आजोबा, परवचा म्हणजे काय?" मी त्याला पावकी म्हणून दाखविली. सतराशी आल्यावर मीच अडखळलो. तो इतका हसला, की शेजारचे दार उघडून पाहू लागले.

आनंद नगरच्या गल्ल्यांतून फिरणारे गुरुजी आता नाहीत. येथे कोणत्या देवळावर भोंगा लावावा, हे ठरविणेही सोपे नाही, कारण आपली वस्ती अनेक भाषांची आणि अनेक श्रद्धांची आहे. पण दहा घरांनी मिळून सातची वेळ ठरविली, तर भोंग्याची गरज नाही. एका घरातून वाचनाचा आवाज आला, की शेजारच्या घराला तेच खाकरणे ऐकू येईल. गुरुजींच्या स्मृतीला याहून मोठी श्रद्धांजली मला सुचत नाही.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत. मधल्या काळात तीनच मोबाईल वाजले, आणि त्यांतला एक माझा होता. त्याबद्दल क्षमा मागतो.